शब्दचर्चा : ‘ट्रोफोब्लास्ट स्टेम सेल लाइन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

नमस्कार. उंदरांच्या भ्रूणांतून ट्रोफोब्लास्ट स्टेम सेल (ज्यांच्यापासून पुढे वारेचा, म्हणजे प्लेसेंटाचा, बराच भाग बनतो त्या मूळ पेशी) मिळवण्याच्या पद्धतीवर विद्यार्थ्यांसाठी मराठी टिपण लिहीत आहे. ‘सेल लाइन डिराइव्ह करणे’ आणि ‘मेंटेन करणे’ इथे अडलो आहे. ‘वारेच्या मूळ पेशींची रेषा तयार करणे व राखणे’ असे एकाने सुचवले, पण वाचून काहीच बोध होत नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी आणि भाषेच्या जाणकारांनीही सांगावे.

प्रतिसाद १

आधी ‘रेषा’ काढा. इथे लाइन म्हणजे प्रयोगशाळेतल्या बशीत पिढ्यानपिढ्या चालणारा पेशींचा वंश. ‘पेशीवंश’ म्हटले की पुढची क्रियापदे आपोआप मिळतात: वंश रुजतो, चालतो, खुंटतो. आणि या पेशींच्या बाबतीत वंश अक्षरशः खुंटतो, म्हणून हा शब्द मला मनापासून पटतो.

‘तयार करणे’ही नको, कारण या पेशी कोणी बनवत नाही. उंदराच्या साडेतीन दिवसांच्या ब्लास्टोसिस्टमध्ये (पोकळ चेंडूसारख्या सुरुवातीच्या भ्रूणात) बाहेरच्या थरातल्या ज्या पेशी आतल्या पेशीपुंजाला लागून असतात, त्यांना तिथून एफजीएफ४ हे प्रथिन मिळते आणि त्या विभाजत राहतात. पुंजापासून दूर असलेल्या पेशी विभाजन थांबवतात, पण डीएनएच्या प्रती काढतच राहतात आणि महाकाय पेशी होतात. १९९८ मध्ये तानाका, रोसँट आणि सहकाऱ्यांनी हेच प्रथिन हेपारिन या सहायक द्रव्यासोबत बशीत दिले, खाली भ्रूणीय फायब्रोब्लास्टांचा (संयोजी ऊतीतल्या पेशींचा) थर ठेवला, आणि भ्रूणात जी अवस्था थोडाच काळ असते ती बशीत टिकून राहिली. साडेसहा दिवसांच्या भ्रूणाच्या भ्रूणबाह्य एक्टोडर्म या थरामधूनही त्यांनी असे वंश मिळवले. म्हणून पेशी ‘काढणे’ आणि वंश ‘रुजवणे’ म्हणावे.

‘मेंटेन’साठी ‘टिकवणे’ घ्या. ‘वाढवणे’ फसवे आहे. संख्या वाढत असतानाही अवस्था हातची जाऊ शकते. सूक्ष्मदर्शकाखाली चांगली वसाहत चपटी, एकसंध आणि रेखीव कडेची दिसते. एफजीएफ४ काढून घेतले की कडेला मोठ्या केंद्रकाच्या पसरट पेशी दिसू लागतात. महाकाय पेशी बशीला घट्ट चिकटतात, मूळ पेशी ट्रिप्सिनने (पेशी सोडवणाऱ्या विकराने) लवकर सुटतात. त्यामुळे ट्रिप्सिन थोडाच वेळ ठेवले तर पॅसेज करतानाच, म्हणजे पेशी नव्या बशीत हलवतानाच, निवड होते. जास्त वेळ ठेवले की नको त्या पेशीही पुढच्या बशीत जातात.

प्रतिसाद २

‘वारेच्या मूळ पेशी’ला माझी हरकत आहे. षष्ठीमुळे वाचक समजेल की प्रसूतीनंतर पडलेल्या वारेतून पेशी घेतल्या. इथे तर वार अजून तयारच झालेली नाही. शिवाय ‘नाळेतील मूळ पेशी’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांनी रूढ केला आहे. त्या नाळेच्या रक्तातल्या, रक्तपेशी घडवणाऱ्या पेशी. बरेच जण वार आणि नाळ यांत फरक करत नाहीत, म्हणजे गोंधळ दुप्पट.

‘वार घडवणाऱ्या मूळ पेशी’ म्हणा. तेही थोडे सैल आहे: वारेतल्या गर्भाकडच्या रक्तवाहिन्या या पेशींपासून होत नाहीत. या पेशी ब्लास्टोसिस्टमध्ये सोडल्या तर त्या वारेच्या ट्रोफोब्लास्ट भागातच सापडतात, पिल्लाच्या शरीरात नाही. म्हणून पहिल्या उल्लेखात हे वर्णन द्यावे आणि पुढे सरळ ‘ट्रोफोब्लास्ट मूळ पेशी’ लिहावे. ट्रोफोब्लास्ट हा शब्द प्राणिशास्त्रज्ञ ह्युब्रेख्ट यांनी १८८९ मध्ये साळूसारख्या काटेरी हेजहॉगच्या अभ्यासात घडवला. ग्रीकमधले पोषण आणि अंकुर जोडून. ‘पोषकोरक’ त्याला शब्दशः जुळतो, पण विद्यार्थ्याला दोन्ही अनोळखीच. मग जो जगभर चालतो तो शिकवलेला बरा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ‘पेशीवंश’ आणि ‘टिकवणे’ घेतोच. मग खालच्या थरातल्या फायब्रोब्लास्टांना, म्हणजे ‘फीडर’ पेशींना, ‘पोषक पेशी’ म्हणू का?

प्रतिसाद १

नको. ट्रोफोब्लास्टमध्येही पोषण आहेच, दोन पोषक एका परिच्छेदात येतील. आणि त्या फायब्रोब्लास्ट पेशी भरवत नाहीत, संदेश देतात. मायटोमायसिन हे औषध देऊन त्यांचे विभाजन थांबवलेले असते, पण त्या माध्यमात (पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात) घटक सोडत राहतात. म्हणून त्यांच्याविनाही काम भागते: ७० भाग त्यांच्यावर ठेवून काढलेले माध्यम, ३० भाग ताजे, वर दर मिलिलिटरला २५ नॅनोग्रॅम एफजीएफ४ आणि १ मायक्रोग्रॅम हेपारिन. ‘आधारथर’ आणि ‘संस्कारित माध्यम’ हे शब्द मला योग्य वाटतात.

प्रतिसाद २

‘आधारथर’ छान. एक राहिले. नुसते ‘उंदीर’ लिहू नका, मराठीत माऊस आणि रॅट दोन्ही उंदीरच. ‘कृंतक’ म्हणाल तर खार आणि साळही त्यात येतात.

प्रतिसाद १

अगदी बरोबर, आणि हा फरक केवळ नावापुरता नाही. माऊसच्या पेशींना एफजीएफ४ सोबत ॲक्टिव्हिन किंवा टीजीएफ-बीटा या प्रथिनांचा संदेश लागतो. संस्कारित माध्यमातून तोच मिळतो. २०१८ मध्ये जपानमधल्या गटाने मानवी ट्रोफोब्लास्ट मूळ पेशी टिकवल्या, त्यात टीजीएफ-बीटाचा संदेश उलट रोखावा लागला आणि एफजीएफ४ ऐवजी ईजीएफ हे दुसरे प्रथिन दिले गेले. माऊसची कृती जशीच्या तशी मानवी पेशींना लावली तर वंश टिकणार नाही. शीर्षकातच ‘माऊस’ घाला.