आवाज चालू, चित्र गायब! रिसीव्हर बदलावा का?

मंडळी, सल्ला हवाय. स्ट्रीमिंग बॉक्स ते एव्ही रिसीव्हर (स्पीकर यालाच जोडलेत, चित्र हा पुढे पाठवतो), तिथून भिंतीतल्या पाइपातून दहा मीटर एचडीएमआय केबल छतावरच्या प्रोजेक्टरपर्यंत, अशी जोडणी आहे. दीड वर्ष सुरळीत चाललं. आता सिनेमा रंगात आला की पडदा काळा होतो, तीन-चार सेकंदांनी आपोआप परत येतो. कधी दहा मिनिटांत दोनदा, कधी तासभर काहीच नाही. संवाद मात्र चालू असतात. सगळं बंद-चालू करून झालं, केबलही बदलली. घरचे म्हणतात रिसीव्हर म्हातारा झाला. नवा घेऊ का? घ्यायचा तर कुठला?

प्रतिसाद १
केबल. दहापैकी नऊ वेळा केबलच असते.

धागाकर्ता
अहो, बदलली म्हटलं ना!

प्रतिसाद २
कुठली बदललीत? बॉक्स आणि रिसीव्हरमधली असणार, हाताशी तीच येते. रिसीव्हरला इतक्यात हात लावू नका. एचडीएमआयमध्ये आवाज वेगळ्या तारेने येत नाही, चित्राच्याच प्रवाहात मधल्या फटींत बसून येतो. पडदा काळा असताना स्पीकर बोलतायत, म्हणजे रिसीव्हरपर्यंत सिग्नल बहुधा धडधाकट पोचतोय. घोळ पुढच्या टप्प्यात आहे. आवाजही सोबत गेला असता तर मी बॉक्सकडे बोट दाखवलं असतं.

आज एकच करा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये ४के काढून १०८०पी (कमी बारकाव्याचं चित्र) ठेवा आणि अख्खा सिनेमा बघा. सेकंदाला ६० फ्रेमच्या ४केला (८ बिट, ४:४:४ म्हणजे रंगांची माहिती न छाटता) सेकंदाला १७.८२ गिगाबिट लागतात, १०८०पीला ४.४६. दहा मीटर तांब्याची साधी केबल पहिल्या आकड्याला धापा टाकते. चित्र जायच्या आधी पांढरे ठिपके चमकतात का, तेही बघा. चमकत असतील तर केबल काठावर आहे.

प्रतिसाद ३
थोडं अवांतर: सिनेमा सुरू होताना एकदाच काळं होत असेल तर तो बिघाड नव्हे. बॉक्स ६० वरून २४ फ्रेमवर जातो आणि प्रोजेक्टर नव्याने जुळवून घेतो. आणि हसू नका, पण आमच्याकडे गॅसच्या दांड्याच्या (ऑफिसात असते तसल्या) खुर्चीवरून कुणी उठलं की पडदा जायचा. स्थिर विजेचा झटका! चांगल्या शील्डिंगची (बाहेरचा विद्युत अडथळा रोखणाऱ्या आवरणाची) केबल टाकल्यावर थांबलं.

धागाकर्ता
खुर्ची निर्दोष आहे, मुद्दाम उठाबशा काढून पाहिल्या. १०८०पीवर काल सव्वादोन तास एकदाही चित्र गेलं नाही. परत ४के लावलं तर विसाव्या मिनिटाला काळोख. आणि हो, ठिपके आहेत! गडद प्रसंगात मिठाचे कण उडावेत तसे. इतके दिवस मी ते सिनेमातलेच समजत होतो. मग स्टूलावर चढून पाहिलं. मध्यंतरी प्रोजेक्टर भिंतीकडे सरकवला होता, तेव्हा केबल प्लगपाशीच काटकोनात दुमडली गेलीय.

प्रतिसाद २
सापडला चोर. दुमड सरळ केलीत तरी तिच्यावर फार भरवसा ठेवू नका. या लांबीला ऑप्टिकल एचडीएमआय (तांब्याऐवजी काचेच्या धाग्यातून प्रकाशाने सिग्नल नेणारी केबल) घ्या, किमान १८ गिगाबिटची. भिंतीत कायमची राहणार असेल तर ४८ची घेतलेली बरी. पाइपात ओढण्याआधी जमिनीवर पसरून तासभर चालवून बघा. प्लगला धरून ओढू नका, आतला काचेचा धागा तुटतो. आणि प्रोजेक्टर चार बोटं पुढे घ्या, नाहीतर नवीही तशीच दुमडेल.

धागाकर्ता
जमिनीवर पसरून बघा म्हणालात ते फार बरं केलंत. जोडली तर चित्रच नाही! पंधरा मिनिटं दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली, मग प्लगवरची बारीक अक्षरं दिसली: एका टोकाला ‘सोर्स’, दुसऱ्याला ‘डिस्प्ले’. मी उलटी लावली होती. ऑप्टिकल केबलला दिशा असते हे आत्ता कळलं. सुलटी लावली, चार दिवस ४के चालू आहे, ठिपकासुद्धा नाही. रिसीव्हर आहे तोच ठेवतोय.