मदत हवी आहे: कर्व्ह स्क्रीन की सपाट? (कामाचा फोन, बजेट तिसाच्या आत)

नमस्कार मंडळी, नवीन फोन घ्यायचाय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. दुकानात पाय ठेवला की पहिला कर्व्हवालाच (कडेला खाली वळलेल्या स्क्रीनचा) हातात देतात, "साहेब बघा काय प्रीमियम लुक आहे". लुक आहे हे मान्य, पण मला तो झेपेल का ते कळेना.

काम सांगतो म्हणजे सल्ला नीट मिळेल. राहतो ऐरोलीला, मसाल्याच्या कंपनीत सेल्सला आहे, तुर्भे-कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यात दुकानं फिरून ऑर्डर घ्यायच्या. आमचं ऑर्डरचं ॲप असं आहे की डावीकडे मालाचं नाव आणि पार उजव्या कडेला अधिक-वजाची बारीक बटणं. एका हातात सॅम्पलची पिशवी असते त्यामुळे सगळा कारभार दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर. मेहुण्याचा कर्व्ह फोन मागून घेतला आणि त्यावर ॲप टाकून बघितलं, तर अधिकचं बटण नेमकं वळणावर येतंय, दाबलं तरी कधी नग वाढतो कधी नाही, आणि शिवाय त्याच हाताची बोटं पलीकडच्या कडेला टेकली की लिस्ट आपोआप सरकते. दुकानदार बारा बॉक्स हळद म्हणतो आणि स्क्रीनवर अकराच.

पण खरं सांगू का, हातात घेतल्यावर इतका सुरेख बसतो की त्यानंतर माझा जुना फोन पोळपाटासारखा वाटायला लागला. म्हणून विचारतोय, कव्हर घातलं की कडेचा हा त्रास जातो का? सेटिंगमध्ये काही असतं का? आणि टेम्पर्ड ग्लासचं काय, एक दुकानदार म्हणतो यूव्हीच लावा, दुसरा म्हणतो चुकूनही लावू नका.

घोडबंदरकर:
मी कर्व्ह वापरतोय बरेच दिवस, मला आवडतो. मोठा फोन हातात अरुंद वाटतो, अंगठा पलीकडे पोचतो, आणि कडेवरून स्वाइप करून बॅक जायला तर लोण्यासारखं. पण तुमच्या कामाला नको. काही फोनमध्ये कडेचा चुकून लागलेला टच गाळायचं सेटिंग असतं, पण ते वाढवलं की कडेची पट्टी जास्त बधीर होणार, म्हणजे तुमचं अधिकचं बटण आणखीच रुसणार. कमी केलं की बोटांचा टच लागणार. तुम्हाला त्याच पट्टीत एक टच हवाय आणि दुसरा नकोय, हे फोनला कसं कळणार? कव्हरचंही तसंच, काच बाजूंना खाली वळलेली असल्यामुळे तिथे कव्हरची कड उंच ठेवताच येत नाही, फक्त वर-खाली थोडी उचललेली असते.

स्टेशनबाहेरचा:
ठाण्यात ॲक्सेसरीजचं दुकान आहे म्हणून काचेबद्दल लिहितो. यूव्हीमध्ये स्क्रीनवर पातळ गम ओततात, वर काच ठेवून तो पसरू देतात आणि मग यूव्ही लाइटखाली सुकवतात. नीट लावली तर टच एक नंबर. पण लावणाऱ्याने इअरपीसची जाळी आणि बटणं टेपने बंद केली नाहीत आणि गम आत गेला तर समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि मग गिऱ्हाईक आमच्याच नावाने बोंबलतं. तयार एज ग्लू वाल्या काचा मिळतात त्या नकोच, त्यांना फक्त कडेला गम असतो, मधे पोकळ, टचही अडखळतो आणि स्क्रीनमधलं फिंगरप्रिंटही. टीपीयू फिल्म, म्हणजे मऊ प्लास्टिकची, वळणावर छान बसते पण ती ओरखड्यांपुरती, पडल्यावर वाचवेल अशी आशा ठेवू नका. सपाट फोनला साधी फुल ग्लू काच कुठल्याही टपरीवर लावून मिळते, विषय संपला. आणि काच कुठलीही लावा, नंतर फिंगरप्रिंट परत रजिस्टर करा.

जुना_गॅजेटवाला:
गंमत बघा, ही फॅशन काढली सॅमसंगने. २०१४ ला नोट एज, एकाच बाजूला वळलेला, मग २०१५ ला एस ६ एज दोन्ही बाजूंनी. ओएलईडी प्रकारच्या स्क्रीनचं पॅनल काचेऐवजी लवचिक प्लास्टिकवर बनवता यायला लागलं म्हणून हे जमलं. आणि त्याच सॅमसंगने २०२४ च्या एस २४ अल्ट्राला स्क्रीन सपाट केली. त्या फोनचं पेन स्क्रीनवर वापरणाऱ्यांना आधी कडेचा वळणाचा भाग नीट मिळायचाच नाही, त्यांचं भलं झालं. गूगलचा पिक्सेल ८ प्रो पण २०२३ ला सपाट झाला. ॲपलने तर आयफोनची स्क्रीन कडेला कधी वळवलीच नाही. आणि आता तोच कर्व्ह मिड रेंजमध्ये "महागडा दिसतो" म्हणून खपतोय.

धागाकर्ता:
@घोडबंदरकर, पट्टीचा मुद्दा पटला, हे डोक्यातच आलं नव्हतं. @जुना_गॅजेटवाला, मेहुण्याला वाचून दाखवतो 😄

पामबीच_रोड:
कंपनीच्या आयटीवाल्याला सांगून ती बटणं जरा आत घेता येणार नाहीत का? फुकटातलं काम आहे.

धागाकर्ता:
सांगून बघितलं हो. "पुढच्या व्हर्जनमध्ये" असं उत्तर आलं, ते व्हर्जन येईपर्यंत माझी रिटायरमेंट येईल. सपाटच घेतो आता. फक्त एक, काही सपाट म्हणवणाऱ्या फोनची पण कड बोटाला गोल लागते, दुकानात त्याला २.५डी म्हणाला. त्यातही हाच त्रास होणार का?

स्टेशनबाहेरचा:
नाही. २.५डी मध्ये फक्त वरच्या काचेची कड घासून गोल केलेली असते, खालचं पॅनल सपाटच. ओळखायची सोपी रीत सांगतो, डेमो फोनवर पूर्ण पांढरं पान उघडा आणि फोन तिरका धरून कडेने बघा. पांढरा भाग बाजूला खाली उतरत गेला तर कर्व्ह, गोलाई सुरू व्हायच्या आतच काळ्या बॉर्डरला थांबला तर तुमच्या कामाचा. आणि घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला डिस्प्ले बदलायचा भाव विचारा, काही कंपन्या स्पेअरचे रेट साइटवरच टाकतात. एकाच कंपनीच्या सपाट आणि कर्व्ह मॉडेलचे रेट शेजारी ठेवून बघा, मग मेहुण्यालाही दाखवा.