वर्गातल्या चाचणीवर गुण लिहूच नयेत

खडूवाली: चाचण्या बंद करा असं म्हणत नाहीये. फक्त वर्गातल्या छोट्या चाचण्यांवर गुण लिहू नयेत, एवढंच.

सहावीला गणित शिकवते. ०.३५ आणि ०.७ यांत मोठी संख्या कोणती, या प्रश्नाला बरीच मुलं ०.३५ लिहितात, कारण ३५ हे ७ पेक्षा मोठे. यात निष्काळजीपणा नाही. पूर्णांकांना चालणारा नियम ती इथेही लावतात. मी 'पाचपैकी तीन' लिहिलं की मूल शेजाऱ्याच्या पेपरात डोकावतं आणि विषय संपतो. त्याऐवजी 'दोन्ही संख्या संख्यारेषेवर दाखव' असं लिहिलं, तर निदान पेन्सिल तरी हातात घेतं.

रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. नुसता शेरा मिळालेल्या मुलांची कामगिरी पुढे सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही.

तिरकस: असहमत. गुण नाहीत म्हटल्यावर अर्धा वर्ग अभ्यासच करणार नाही. आणि शेरे कसले असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'अधिक सराव हवा.' कशाचा सराव, ते देव जाणे. त्यात साठ मुलांचा वर्ग असेल तर शेरे लिहायचे कधी?

खडूवाली: 'अधिक सराव हवा' लिहायचं असेल तर त्यापेक्षा गुण परवडले, हे मान्य! पण साठ मुलं साठ प्रकारे चुकत नाहीत. चुका तीन-चार प्रकारच्याच निघतात. मी पेपरांचे तसे गठ्ठे करते आणि एका गठ्ठ्यातली मुलं एकत्र बसवते. 'यातली दोन उत्तरं चुकली आहेत, कुठली ते शोधा' एवढंच सांगते. कधीकधी वर्गात नुसता गोंगाट होतो, ते सोडा.

दोघांची आई: पालक म्हणून विचारते. वर्षभर शेरेच मिळाले आणि वार्षिक परीक्षेत एकदम ३८ गुण पडले, तर तो धक्का कुणी झेलायचा? आपण कुठे आहोत हे कळण्याचा मुलांनाही हक्क आहे ना?

पानपलट्या: गुण की शेरा यात मूळ मुद्दा राहून जातोय. चाचणी देणं हाच अभ्यास असतो. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं. लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. तपासणी सुद्धा नाही झाली तरी चाचणी घ्यावी.

तिरकस: ती कॉलेजची मुलं होती आणि काम होतं उतारा आठवण्याचं. ज्याला ०.३५ मोठं वाटतं त्याने तपासणीविना दहा चाचण्या दिल्या तर तो दहा वेळा तेच गिरवेल.

पानपलट्या: हे बरोबर. बरोबर उत्तर लगेच दाखवायला हवं. तपासणीचं वाक्य मागे.

खडूवाली: @दोघांची आई, घटकाच्या शेवटी गुण देतेच. आधी छोटी चाचणी, मग चुकांवर काम, मग तशाच धर्तीची दुसरी चाचणी. बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडलेली पद्धत साधारण अशीच आहे.

दोघांची आई: मग प्रगतिपुस्तकात कुठले गुण जातात?

खडूवाली: दुसऱ्या चाचणीचे.

तिरकस: म्हणजे पहिली कुणी मनावर घेणार नाही.

खडूवाली: न घेऊ देत. खरी उत्तरं लिहिली तरी पुरे. गुण नसले की शेजारच्याचं बघून लिहायचं कारणच उरत नाही, आणि कोण कुठे अडलंय ते मला दिसतं.

तिरकस: हा मुद्दा पटला. बाकी नाही. एकेका घटकाला दोन-दोन पेपर काढायचे, आणि अभ्यासक्रम मात्र तेवढाच. ते गणित आधी सोडवून दाखवा.