शोकांतिका गावात चालत नाही?
खेड्यातल्या प्रेक्षकाला प्रेमकथा गोड शेवटाचीच लागते, असं म्हणतात; पण ते आमच्या झाडीपट्टीला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदिया भागाला, तरी लागू नाही. ‘एकच प्याला’ नाटकात (१९१९) सिंधू-सुधाकर हे नवरा-बायको दोघंही मरतात, तसले शेवट इकडं आजही चालतात. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की वडसा-ब्रह्मपुरीकडच्या गावांत रात्रभर नाटकं होतात, तीही तिकीट काढून. नायक-नायिकेच्या गाण्याला वन्समोअर घेणाऱ्या बाया पहाटे तिच्या मरणाच्या प्रवेशाला पदर तोंडाशी धरून हुंदके देतात. ऑर्गनवाला सूर लांबवत नेतो, थंडीतही कोणी उठत नाही.

शहरातल्या चर्चेत ही रंगभूमी येतच नाही, याचं वाईट वाटतं. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच नाटकांसाठी.