मदत हवी आहे: सॅव्हेज ९९ रायफल रीबोअर करावी (नळीचं भोक मोठं करावं) का?

मी मोंटानात राहतो. शेजारच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून जुनी सॅव्हेज ९९ घेतली, .३०० सॅव्हेज काडतुसाची. १०० यार्डांवर ३ गोळ्या दीड इंचात बसतात. एवढ्या जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शनकडून (खालचा दांडा हलवून काडतूस भरायची रायफल) आणखी काय हवं! हरणासाठी उत्तमच. पण मला एल्कसाठी (हे फार मोठं हरीण) जड गोळी हवीय. गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारा) म्हणतो, हीच नळी रीबोअर करून .३५८ विंचेस्टर काडतुसाची करू. म्हणजे गोळीचा व्यास ७.८ वरून ९.१ मिलिमीटर. बाहेरून रायफल तशीच दिसेल, पण मूळपण गेलं ते गेलंच. नेम असाच राहील याची हमी तोही देत नाही. शिवाय .३५८ चा दाब जास्त, धक्काही.

कुणी केलंय का हे? फिरत्या मॅगझिनमधून (काडतुसं ठेवायचा भाग) नवी काडतुसं अडकत तर नाहीत ना? की सरळ दुसरी रायफल घेऊ? (बायकोचं मत विचारू नका.)