अनुभव हवेत: कमी खर्चातली एक दिवसाची डोंगरवारी (सातारा-सांगली)

धागा काढणारा, सातारा

बारावीची परीक्षा संपली तशी आमच्या गल्लीतली आठ पोरं दारात आली. "दादा, एक दिवस डोंगरावर जायचंय. पण माणशी दोनशेच्या वर नको." त्यातल्या दोघांच्या घरी दोनशे रुपयेसुद्धा विचार करूनच निघतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारतोय. मित्रमैत्रिणींबरोबर स्वस्तात केलेली चढाई लिहा. कुठून निघालात, काय खाल्लं, पाण्याचं काय केलं, पैसे कसे काढले. काही चुकलं असेल तर तेही लिहा, पोरांना त्याचाच जास्त उपयोग होईल.

माझा अनुभव अजिंक्यताऱ्याचा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे म्हणून पुष्कळजण त्याला मोजतच नाहीत. आम्ही पाचजण एसटी स्टँडवरून पहाटे चालत निघालो आणि चालतच परत आलो. खर्च फक्त चहा-पोह्यांचा. मंगळाई देवीच्या देवळाजवळ दशम्या सोडल्या. साताऱ्यात जन्मून 1708 सालचा शाहू महाराजांचा राज्याभिषेक मी पुस्तकातच वाचला होता. तटावर उभा राहून खाली शहर आणि समोर यवतेश्वर बघितला, तेव्हा राजधानी इथंच का केली असेल ते कळलं. पण पोरं म्हणतात, "तो तर रोजचाच." तेव्हा पुढचं तुम्ही सांगा.

जतकडचा, आता नोकरीला पुण्यात

मी साताऱ्यात वसतिगृहावर राहून शिकलो. घरून येणारे पैसे मेसमध्येच संपायचे. खोलीतली पोरं रविवारी कुठं ना कुठं जायची आणि मी म्हणायचो, "सबमिशन आहे." वर्षभर माझं सबमिशनच चालू होतं.

माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मित्राला ते समजलं असावं. त्यानं मला कधीच काही विचारलं नाही. एका शनिवारी रात्री बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा खोलीच्या मधोमध ठेवला आणि म्हणाला, "उद्या कल्याणगड. ज्याला जमेल तेवढं यात टाका. मी दिवा घालवतोय." मी वीस रुपये टाकले. कुणी किती टाकले ते आजही मला माहीत नाही. सकाळी डब्यात तीनशे साठ निघाले.

दोन गाड्या, चौघंजण. पेट्रोलला दोनशे वीस गेले. मेसच्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, त्यांनी जेवणाऐवजी भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. वाटेत काकड्या घेतल्या, दहा-दहाचे दोन चहा झाले. पायथ्याच्या नांदगिरीत गाड्या लावल्या आणि चढायला लागलो.

गडाच्या पहिल्या दरवाजातून आत गेलं की खाली उतरून एका गुहेत जाता येतं. बाहेर घाम निथळत होता आणि आतलं पाणी इतकं गार की पहिल्या पावलाला तोंडातून आवाज फुटला. गुडघ्याच्या वर पाणी, सगळा अंधार, हाताला लोखंडी कठडा. विजेरी एकच होती, ती पुढच्याकडं. मी शेवटी होतो, पुढच्याचा सदरा धरून. आत टोकाला पार्श्वनाथांची मूर्ती आहे, तिथंच दत्तही आहेत. विजेरीचा उजेड मूर्तीवर स्थिरावला तेव्हा चौघंही गप्प झालो. कितीतरी वेळ नुसता पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज येत होता.

वर पठारावर जेवलो. परत आल्यावर डब्यात पस्तीस रुपये उरले होते. ते वाटून घेतले नाहीत, पुढच्या रविवारसाठी तसेच ठेवले. त्यानंतर माझं सबमिशन कधी आड आलं नाही.

पोरांना सांगा, गुहेत जायचं तर दोन विजेऱ्या न्या. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. पावसाळ्यानंतर पाणी जास्त असतं, तेव्हा आधी गावात विचारून मगच आत पाय घाला.

कोरेगावची माहेरवाशीण

दादा, मुलींनाही कुणीतरी सांगा. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा घ्या. आम्ही सहा वर्गमैत्रिणी लग्नानंतर पहिल्यांदा एकत्र भेटलो आणि जरंडेश्वर चढलो. लहानपणी श्रावणी शनिवारी आईबरोबर जायचो, तेव्हा गर्दीत हात सुटायची भीती. या वेळी डोंगर रिकामा होता. मारुतीच्या देवळापाशी बसून दोन तास बोललो. प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणला होता, त्यामुळं विकत काही घ्यावंच लागलं नाही. माणशी साठच्या आत झालं. फक्त माकडांपासून डबे सांभाळा. माझ्या गुळाच्या पोळ्या गेल्या.

विटेकर

आमच्याकडं खानापूर तालुक्यात बाणूरगड हाय, जुनं नाव भूपाळगड. बहिर्जी नाईकांची समाधी हितंच. 1679 ला दिलेरखानानं ह्यो गड घेतला, तवा फिरंगोजी नरसाळा किल्लेदार. येवढा इतिहास असून सांगलीतल्याच निम्म्या लोकांस्नी ठावं न्हाई, ह्याचं लई वाईट वाटतं.

चूक लिहा म्हणालासा, ती लिहितो. आमी एप्रिलात अकरा वाजता चढाय लागलो. पाणी माणशी एकच बाटली. चढ काय मोठा न्हाई, पर सावलीच न्हाई. एकाला चक्कर आली, डोळ्यांफुडं अंधारी. त्याला देवळाच्या सावलीत निजवला, टॉवेल भिजवून डोक्यावर ठिवला. पाणी संपलं तवा एक धनगर आजोबा आले, त्यांनी आपल्या कळशीतलं दिलं. पैसं द्याय लागलो तर घेतलं न्हाईत. भावांनो, उन्हाळ्यात तीन लिटर पाणी आन मीठ-साखर घ्याच, आन नवाच्या आत वर पोचा.

कराडची एक काकू

सदाशिवगड. पायऱ्या आहेत, वर महादेव आहे, कराडमधली कितीतरी माणसं रोज पहाटे व्यायामाला चढतात, त्यामुळं एकटं वाटत नाही. ज्यांनी कधीच डोंगर चढला नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. माझं वय बासष्ट.

बामणोलीला जाऊन आलेला

वासोटा किल्ला दोनशेत बसत नाही, हे आधीच सांगतो. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडायला बोट लागते, वनखात्याची परवानगी लागते आणि पावसाळ्यात बंद असतो. पण खर्च कमी करायची एक वाट आहे. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. आम्ही चौघंच होतो, भाडं ऐकून परत फिरायच्या बेतात होतो. तेवढ्यात इचलकरंजीचं सहाजणांचं टोळकं आलं. आम्हीच जाऊन विचारलं, "एकत्र जाऊया का?" दहा जणांत भाडं वाटलं गेलं आणि वरच्या जंगलात त्यांच्यातल्या एकाला प्रत्येक पक्ष्याचं नाव येत होतं. बाबुकड्याच्या टोकाशी आम्ही दहाही जण पोटावर झोपून खाली बघत होतो. उभं राहून वाकायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं.

पोरांनी आत्ता जाऊ नये. पैसे साठवावेत आणि दिवाळीनंतर जावं.

मिरजेहून

दंडोबा कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. डोंगरात खोल कोरलेलं देऊळ, आतून प्रदक्षिणा घालता येते. भोवती वनखात्याचं जंगल. उंची फार नाही, पण आमच्या दुष्काळी पट्ट्यात एवढं हिरवं बघायला मिळतं याचंच समाधान. भडंग, कांदा, लिंबू घेऊन गेलो. सगळ्यांत मिळून तीनशे.

आणि एक कळकळीची विनंती. डोंगरावर जाताना अत्तर, स्प्रे काही मारू नका, आणि कड्याला आग्यामोहोळ दिसलं तर खाली शेकोटी पेटवू नका, दगड मारू नका. चंदन-वंदन या जोडकिल्ल्यांवर माझ्या भावाच्या चमूवर माश्या उठल्या होत्या. तिघांना दवाखान्यात ठेवावं लागलं, एकाचे डोळे दोन दिवस उघडत नव्हते.

धागा काढणारा

सगळं पोरांना वाचून दाखवलं. विटेकर, तुमचं ऐकून त्यांनी निघायची वेळ आठवरून पाचवर आणली. कल्याणगड ठरलाय. आठजण, चार गाड्या, दोन विजेऱ्या, माणशी तीन लिटर पाणी. भाकऱ्या चार घरांतून येणार आहेत.

काल संध्याकाळी एकाच्या आईनं बिस्किटांचा रिकामा डबा घासून दिला. रात्री माझ्याच ओसरीवर ठेवला आणि दिवा मी घालवला. मोजले तेव्हा नऊशे दहा निघाले. पेट्रोल भरून वर उरतात.

जतकडचा

दादा, मी शनिवारी साताऱ्यात आहे. माझी मोठी विजेरी आणून देतो. पोवई नाक्यावर किती वाजता येऊ?