अमळनेरात काळ्या-गोऱ्यांचं नाटक कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी

बोरीकाठचा:
काल 'सातपुड्याचा वाघ' यांनी आमच्या नाटकावर पोस्ट टाकली, ती वाचून झोप लागेना म्हणून लिहितोय, लांबेल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतल्या वर्णभेदाचं आणि तिथल्या चर्चचं नाटक आपल्याकडे कशाला, इथे गोरा कोण आहे, आणि चौदा जणांनी मिळून लिहिलेलं नाटक म्हणजे बारभाईंचं कारस्थान.

एक तर बारभाईंनी राघोबादादाला खाली खेचलं होतं, तेवढं लक्षात असू द्या. दुसरं, फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' छापलं ते कुणाला अर्पण केलं? अमेरिकेत गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना. मग आम्ही कोणता नवा घाट घातला?

तालमीत काय झालं ते सांगतो. 1955 चं मॉन्टगोमेरी घेतलं होतं. रोझा पार्क्स बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठत नाहीत, अटक होते, मग चर्चमध्ये सभा आणि त्यानंतर वर्षभराहून जास्त काळे लोक बसमध्ये पायच ठेवत नाहीत. आम्ही चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बस केली. आता गंमत अशी की न उठणारं व्हायला सगळे तयार, उठवणारा ड्रायव्हर व्हायला कोणीच नाही. शेवटी भजनी मंडळातले पखवाजवाले आबा झाले ड्रायव्हर. दोनदा दमात "ऊठ" म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणता म्हणता तिथेच खाली बसले. म्हणे, हे मी खरंच म्हटलंय रे. कानबाईला (आपल्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण) आमच्या सालदाराचं, वर्षाच्या बोलीवरच्या शेतगड्याचं, पोरगं ओट्यावर येऊन बसलं होतं, नैवेद्याचे गव्हाचे रोट निघायची वेळ झाली होती, त्याला मी असंच उठवलं. नाटकाचा दुसरा भाग तिथून सुरू होतो. तो आम्ही ठरवून लिहिलेलाच नाही.

सातपुड्याचा वाघ:
वा, म्हणजे शेवटी गाडी आमच्या कानबाईवरच आली! वाटलंच होतं. भाऊ, रोट भाऊबंदांनीच खायचे हा कुळाचार आहे, त्यात जात कुठून आणली? माझा सख्खा मेहुणा, माझ्याच जातीचा, त्यालाही मी रोट देत नाही. त्याने कधी नाटक लिहिलं नाही. उगाच अमेरिकेच्या चष्म्यातून सगळीकडे भेदभाव दिसायला लागलाय तुम्हाला.

खापरावरची मांडे:
मेहुण्याचं सोडा, लेकीचं बोला! लग्नानंतर पहिल्या श्रावणात मी शिरपूरहून माहेरी आले. गहू मी निवडले, चक्की धुऊन घ्यायला चक्कीवाल्याकडे मी जाऊन बसले, पीठ मी मळलं, दोन दिवस कंबर सरळ केली नाही. आणि ताटं वाढायला लागल्यावर आई हळूच म्हणाली, तू गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी नि खीर खा बाई, रोट नको, तुझं कूळ आता वेगळं. पुनवेच्या आत रोट संपवायचे म्हणून माझा भाऊ चार दिवस दुधात कुस्करून खात होता, नको नको झालं होतं त्याला, तरी मला तुकडा नाही. हा पण कुळाचारच ना?

सातपुड्याचा वाघ:
ताई, तुमच्या घरचं तुमच्या घरी. आमच्याकडे लेकींना देतात.

खापरावरची मांडे:
म्हणजे नियम बदलता येतो तर!

धुळ्याचा ढोल:
रोट राहू द्या, मला वेगळंच विचारायचंय. नाटक कोणत्या भाषेत आहे? दर वेळी हिरो पुण्याची मराठी बोलतो आणि अहिराणी फक्त गडी-माणूस नि सोंगाड्याला. मन्ही माय अहिरानीच बोलस, ती काय फक्त हसवाले शे का? वर्णभेदावर नाटक करता आणि बोलीचा भेद स्वतःच पाळता.

केळीवाला रावेर:
आणि खान्देश म्हटलं की फक्त अहिराणी का भाऊ? आमच्याकडे लेवा बोली चालते, ती तर तुम्ही मोजतच नाही.

धुळ्याचा ढोल:
झालं, आले वाटणी मागायला.

लळिंगचा वाटसरू:
मी या नाटकाच्या बाजूचा असायला हवा, पण नाही. आबा रडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, छान. त्या सालदाराच्या पोराला कोणी विचारलं? त्याला नाटकात वाक्यं किती आहेत, मोजलीत? आमच्याकडे आंबेडकरी जलसे कधीपासूनचे आहेत. बाबासाहेब 1937 साली लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आले होते, तिथे आजही 31 जुलैला लोक जमतात, या एकदा बघायला. तुम्हाला मॉन्टगोमेरी सापडलं, धुळ्याजवळचं लळिंग नाही सापडलं.

सातपुड्याचा वाघ:
घ्या, आता घरचाच आहेर! अहो, साने गुरुजी आपल्याच अमळनेरचे मास्तर, त्यांनी 1947 ला उपोषण करून पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडायला लावलं. विषय तिथेच संपला. आणि चर्चचे गोडवे गाताय, उद्या आमच्या देवळांना नावं ठेवाल.

लळिंगचा वाटसरू:
देऊळ उघडलं हो, ओटा उघडला का? आबांचा किस्सा 47 नंतरचाच आहे.

बोरीकाठचा:
वाघभाऊ, चर्चचे गोडवे कोणी गायले? खुद्द मार्टिन ल्यूथर किंगच म्हणायचे की रविवारी सकाळी अकराचा, म्हणजे प्रार्थनेचा तास, हाच अमेरिकेत काळे-गोरे सगळ्यात वेगळे बसण्याचा तास. ते वाक्य नाटकात आहे. आणि हे किंग 1959 ला भारतात आले, तेव्हा केरळातल्या एका शाळेत हेडमास्तरांनी मुलांना ओळख करून दिली की हे अमेरिकेतले अस्पृश्य. किंगना आधी झटका बसला, रागही आला. मग विचार केल्यावर म्हणाले, खरंच, आहे मी अस्पृश्य. हेही आहे नाटकात. तेव्हा तुलना आम्ही ओढूनताणून आणली असं म्हणू नका.

वाटसरू, तुमचं मात्र लागलं. मोजली. चार वाक्यं आहेत, त्यातली दोन "हो मालक". तो पोरगा आता पन्नाशीचा, सुरतेला असतो, आबांनी त्याला फोन केला होता. तो म्हणाला, मी काही येत नाही, पण त्या रोटाचे गहू कोणी काढले होते ते नाटकात एकदा म्हणा. आम्ही ते "भावुक होतंय" म्हणून कापलं. कापायला नको होतं. परत घालतो, अहिराणीत घालतो, म्हणजे धुळेकर पण शांत बसतील.

धुळ्याचा ढोल:
शांत नही बसाव. पहिले ऐकसू.

सातपुड्याचा वाघ:
मला यातलं काही पटलेलं नाही हे लिहून ठेवा. नाटकाला येईन, मागच्या रांगेत बसेन, आणि कानबाईची गाणी चुकीची म्हटलीत तर तिथेच उठून सांगेन.

खापरावरची मांडे:
या भाऊ, येताना रोट घेऊन या.

सातपुड्याचा वाघ:
ते विसरा. गंगाफळाची भाजी आणतो.